न पटणाऱ्यांचं गाव

राजाचं चर्च तेच प्रजेचं चर्च, असा इंग्लंडात एक काळ होता. त्या चर्चचे विधी न पटणारे प्युरिटन लोक दंड आणि तुरुंगाला कंटाळले. १६३० मध्ये त्यांच्यातले शेकडो जण जहाजांत बसून अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला आले. आता उपासना मनासारखी करता येणार होती. मग त्यांनी ठरवलं की इथे उपासना होईल ती फक्त आमच्या पद्धतीने, आणि मत देईल तो फक्त आमच्या चर्चचा सभासद.

पुढच्याच वर्षी रॉजर विल्यम्स नावाचा तरुण धर्मोपदेशक तिथे आला. माणूस श्रद्धाळू, पण जिभेला आवर नाही. तो म्हणे, चोरी झाली, खून झाला तर सरकारने जरूर बघावं. कोण प्रार्थना कशी करतो यात त्याने पडू नये. आपल्याकडे ज्याला जुलमाचा रामराम म्हणतात तो देवाला पोचत नाही, एवढंच त्याचं साधं म्हणणं. शिवाय तो विचारी, ही जमीन इथल्या मूळ रहिवाशांची, मग इंग्लंडचा राजा ती परस्पर देणारा कोण? हा दुसरा प्रश्न जास्त झोंबला असावा, कारण त्यात प्रत्येकाचं शेत येत होतं.

१६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. तो आजारी होता म्हणून गप्प राहण्याच्या अटीवर थोडी मुदत मिळाली. गप्प राहणं त्याला जमलं नाही. त्याला पकडून इंग्लंडच्या जहाजावर चढवायला माणसं निघाली, तेव्हा ऐन हिवाळ्यात तो बर्फातून निसटला. धर्मासाठी देश सोडलेल्यांनी धर्मासाठीच एकाला घराबाहेर काढलं होतं. त्याला थारा दिला तो बायबल न वाचलेल्यांनी. तिथल्या मूळ रहिवाशांपैकी नॅरागॅन्सेट लोकांचे प्रमुख कॅनोनिकस आणि मियांटोनोमी यांनी दिलेल्या जमिनीवर १६३६ मध्ये प्रॉव्हिडन्स गाव वसलं. तिथे बहुमताचा शब्द चाले, पण फक्त लौकिक व्यवहारात. त्या गावाभोवती पुढे ऱ्होड आयलंडची वसाहत उभी राहिली.

खरी परीक्षा वीस वर्षांनी आली. क्वेकर पंथाचे लोक येऊ लागले. ना पाद्री मानत, ना कोणापुढे टोपी काढत. शेजारच्या वसाहतींनी १६५७ मध्ये ऱ्होड आयलंडला लिहिलं, यांना हाकला. उत्तर गेलं की आमच्याकडे तसा कायदा नाही. आणि इथे त्यांना कोणी छळत नाही, म्हणून इथे यायची त्यांना फारशी हौसही नाही. तिकडे मॅसॅच्युसेट्सच्या बॉस्टनमध्ये चार क्वेकर फासावर गेले. त्यांच्यातली मेरी डायर ऱ्होड आयलंडचीच.

गंमत अशी, की रॉजरला स्वतःला क्वेकरांची शिकवण मुळीच सहन होत नसे. १६७२ मध्ये सत्तरीला टेकलेला हा म्हातारा दिवसभर होडी वल्हवत, सुमारे तीस मैल पाणी कापून, मध्यरात्रीच्या सुमारास ऱ्होड आयलंडमधल्याच न्यूपोर्टला पोचला, तो त्यांच्याशी जाहीर वाद घालायला. तीन दिवस तिथे आणि एक दिवस प्रॉव्हिडन्सला कडाक्याचं भांडण झालं. पुढे दोन्ही बाजूंनी एकमेकांविरुद्ध पुस्तकंही लिहिली. क्वेकर आपापल्या घरी राहिले. त्या वर्षी वसाहतीचा गव्हर्नर निकोलस ईस्टन होता, आणि तोही क्वेकरच.