सातवं वर्ष

मी दहावी नापास माणूस. सूतगिरणीत रिंग फ्रेमवर तिन्ही पाळ्यांत फिरतो, जमेल तशी कविता करतो. पीएचडी किती वर्षांत व्हावी हे बोलायचा मला काय अधिकार, असं तुम्ही विचाराल. विचारा. पण मी आधीच बोलून बसलोय. आणि चुकीचं बोललोय, म्हणून हे लिहितोय.

गेल्या चौदा एप्रिलला मिरवणूक संपल्यावर आम्ही समाजमंदिराच्या पायरीवर बसलो होतो. आमच्यातला एकजण पीएचडी करतोय. वस्तीतला पहिलाच. सातवं वर्ष चाललंय. मी सगळ्यांदेखत म्हणालो, "बाबासाहेबांनी आठ वर्षांचा अभ्यास दोन वर्षं तीन महिन्यांत केला. तू काय सात वर्षं अंडी उबवतोस काय?" पोरं फिदीफिदी हसली. तो उठला, चप्पल घातली, गेला. त्याची आई तिथंच होती. लोकांच्या रानात भांगलायला जाते ती. म्हणाली, "बाळा, लवकर झालं असतं तर त्येला काय नको होतं व्हय?"

मोबाईलवर फिरणारं ते वाक्य मी कधी तपासलंच नव्हतं. मग चरित्र काढलं आणि जुन्या कॅलेंडरच्या मागं तारखा उतरवल्या.

१९१३ ला बाबासाहेब बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले. १९१६ ला तिथं प्रबंध दाखल केला. तिथली पीएचडी हातात कधी पडली? १९२७ ला. अकरा वर्षांनी! त्या काळी कोलंबियात प्रबंध छापून प्रती दिल्याशिवाय पदवी मिळत नसे. प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचं त्यांचं पुस्तक छापून निघालं १९२५ ला. मधल्या वर्षांत काय झालं ते बघा. १९१७ ला शिष्यवृत्ती संपली, लंडनचा अभ्यास अर्धा टाकून परत यावं लागलं. बडोद्यात नोकरी, आणि राहायला जागा नाही. पारशी खाणावळीतून लाठ्या दाखवून बाहेर काढलं. मग सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसा साठवला. १९२० ला 'मूकनायक' काढला आणि त्याच वर्षी परत लंडन गाठलं. त्याला शाहू महाराजांची मदत होती, नवल भथेनांचं कर्ज होतं. रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध १९२२ ला दिला, तर पुन्हा लिहा म्हणाले. १९२३ ला ती पदवी मिळाली. १९२४ ला बहिष्कृत हितकारिणी सभा. १९२६ ला पोटचा राजरत्न गेला. १९२७ च्या मार्चात महाडचं तळं, आणि जूनमध्ये कोलंबियाची पदवी.

आपण या माणसाचा वेग तेवढा फोटोत लावला. त्याला कुणी कुणी, कशानं थांबवलं, ते फ्रेमच्या बाहेर ठेवलं. आणि तोच फोटो आपल्याच पोराच्या डोक्यात हाणला. मी हाणला.

गिरणीत लाईट गेली, रोव्हिंग आलं नाही, फ्रेम बंद पडली, तर ती बंद वेळ रजिस्टरात वेगळी लिहितात. कामगाराच्या डोक्यावर मारत नाहीत. मालकालासुद्धा एवढं कळतं. बारीक काउंटचं सूत जाड्या काउंटइतकं वजनात निघत नाही, हेही कळतं. संशोधन करणाऱ्या पोराचं असं रजिस्टर कुठंय? यूजीसीचा २०२२ चा नियम सांगतो : कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुन्हा नोंदणी केली तर दोन जादा, बाईमाणसाला आणखी दोन. अनुसूचित जातीची राष्ट्रीय फेलोशिप पाच वर्षांपर्यंत. म्हणजे पैसा आधी संपतो, घड्याळ नंतर. माझ्या दोस्ताला तर ती मिळालीच नाही. तो तासिका तत्त्वावर शिकवतो, सुट्टीत कॅटरिंगला वाढप्या म्हणून जातो. ही वर्षं कुणाच्या नावावर मांडायची?

आता कुणी म्हणेल, हे आळशाचं समर्थन झालं. नाही गड्यांनो. पदवी लांबवत चळवळीच्या नावावर चहा पिणारे मीही पाहिलेत. पैसे देऊन लिहून घेतलेला प्रबंध तीन वर्षांत झटपट होतो, हेही ऐकून आहे. समाजाच्या घामावर शिकणाऱ्याला समाजानं जाब विचारावाच. पण "कधी संपणार?" हा जाब नव्हे. काय अडलंय, कुणामुळं अडलंय, हे विचारायला आपली जीभ का रेटत नाही?

मी विचारलं. महिन्याभरानं, मान खाली घालून त्याच्या घरी गेलो. त्याचा विषय बदली कामगार. शेवटचं प्रकरण आमच्यासारख्यांच्या मुलाखतींवर अडलंय. दोन वर्षांपूर्वी तो माझ्याकडं चारदा आला होता. मी डबल ड्युटीचं कारण सांगून चारदा टाळलं. दोनदा खरंच ड्युटी होती. दोनदा झोपलो होतो.

मुदतीला वर्षच उरलंय. गाईड म्हणतात, ते प्रकरण गाळ, जमा कर, डॉक्टर हो. त्यानं मला विचारलं, काय करू? वस्तीला डॉक्टर हवाय, तोही आत्ता. खालच्या आळीतल्या दोन पोरी त्याच्याकडं बघून बी.ए.ला गेल्यात. पण ते प्रकरण गाळलं तर प्रबंधातून आम्हीच गळणार. मला वाटतं त्यानं ते लिहावं. पण पदवी हुकली तर माझं काही जात नाही, त्याचं जातं. मग मी कोण सांगणारा? बोललो नाही. एवढंच म्हणालो, रविवारी मला सुट्टी आहे, सकाळीच ये, जागा असेन. कार्डिंगचे दोघं आणि वायंडिंगच्या एक आक्का पण येतायत.