गोत्र विचारलं तर

छांदोग्य उपनिषदात हारिद्रुमत गौतमांनी गोत्र विचारलं, तेव्हा सत्यकामाने सरळ सांगितलं: ठाऊक नाही, आईलाही नाही, तिचं नाव जबाला. गौतमांनी या खरेपणावरच त्याला शिष्य केलं. आम्हा प्रोग्रामर मंडळींत येणारी नवी मुलं मात्र कॉलेज, कंपनी, पॅकेज सांगतात. जणू तेच गोत्र! परवा साताऱ्याच्या एका मुलीने लिहिलं, ‘पायथनने फाइल उघडते, पण मराठीऐवजी भलतीच चिन्हं उमटतात. का, ते कळत नाही.’ माझ्यासाठी तिची ओळख तिथेच झाली. माणूस कशावरून ओळखावा, मिळवलेल्यावरून की अडलेल्यावरून? मी अडलेल्याच्या बाजूचा. १९९१च्या ऑगस्टमध्ये हेलसिंकीत विद्यार्थी असलेल्या लिनस टोरवाल्ड्सनेही, हौसेखातर ऑपरेटिंग सिस्टिम करतोय, असं सांगून लोकांची मतं मागितली होती. त्या मुलीला मी विचारलं, ‘फाइल उघडताना यूटीएफ-८ हे एन्कोडिंग सांगतेस का?’