कायक आणि बेकारी

बेकारीचा दर एका टक्क्याने वाढला की उत्पादन सुमारे तीन टक्क्यांनी खाली येते, असा हिशेब आर्थर ओकुन यांनी १९६२ मध्ये अमेरिकेच्या आकडेवारीवरून मांडला. कोल्हापुरात हे गणित बसत नाही. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फौंड्रीत ऑर्डरी आटल्या की एक पाळी बंद होते आणि फेटलिंगवरच्या, म्हणजे ओतीव माल घासून साफ करणाऱ्या, कंत्राटी पोराला घरी बसायला सांगतात. तो घरी बसत मात्र नाही. वाटण्या होऊन उरलेल्या उसाच्या तुकड्याला पाणी पाजतो, म्हशींच्या वैरणीचे बघतो, आणि सरकारी श्रमबल पाहणीत रोजगारात मोजला जातो, कारण घरच्या शेतात बिनपगारी राबणाराही तिथे कामकरीच. २०२३-२४ च्या पाहणीत देशातली बेकारी ३.२ टक्केच निघाली. त्याच पाहणीत ४६ टक्के कामकरी शेतीत होते, आणि राष्ट्रीय उत्पन्नात शेतीचा वाटा पाचव्या हिश्श्याहूनही कमी आहे. गरिबाला बेकार राहणे परवडत नाही, म्हणून त्याची बेकारी आकड्यात उतरत नाही.

तेव्हा उत्पादन वाढले की काम आपोआप निघेल, या भरवशावर राहता येत नाही, आणि प्रश्न धर्मविचाराच्या दारात येतो. काम हे नुसते उत्पादनाचे साधन, की माणसाचा समाजावरचा हक्क? मी ते हक्क मानतो, आणि आधार बाराव्या शतकातल्या बसवण्णांचा घेतो. त्यांच्या विचारात कायक म्हणजे श्रम हीच पूजा, आणि दासोह म्हणजे त्या श्रमाच्या कमाईतून समाजाला देणे. यातला क्रम महत्त्वाचा. ज्याला कायक नाही त्याची मजुरी तर बुडतेच, पण देणारा होण्याचा मानही जातो. म्हणूनच यंत्रे येऊ द्या, उत्पादन वाढू द्या, उरलेल्यांच्या खात्यात पैसे टाकू, हा युक्तिवाद मला अपुरा वाटतो. म्हाताऱ्याला, आजाऱ्याला तो पैसा मिळालाच पाहिजे. धडधाकट पोराला मात्र तो कायमचा घेणारा करून ठेवतो. गीता फळाची आशा सोडून कर्म करायला सांगते, असे कोणी म्हणेल. पण तो उपदेश ज्याच्या हाती कर्म आहे त्याला आहे. ज्याला कामच नाकारले त्याला तो ऐकवणे अन्याय आहे.

हक्क मानला की कामासाठी काम काढावे लागेल, खड्डे खणायचे नि बुजवायचे, हा आक्षेप जास्त वजनाचा. त्याचे उत्तर शेजारच्या सांगली जिल्ह्यात आहे. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये विसापूरला मागेल त्याला काम देण्याचा जो प्रयोग करून पाहिला, त्यातून महाराष्ट्राची रोजगार हमी योजना उभी राहिली. कायदा १९७७ चा, अंमल १९७९ पासून. पाझर तलाव, नालाबांध, रस्ते अशी टिकाऊ कामे तिच्यात धरली होती. हजेरीपटावर खोटी नावे चढली, कामे अर्धवट राहिली, हे खरेच, आणि त्याबद्दल शिक्षा व्हायला हवी होती. पण चोरी झाली म्हणून हक्क खोटा ठरत नाही. शिवाय तिचा बराचसा पैसा शहरातल्या पगारदारांकडून घेतलेल्या व्यवसाय करातून आला. ज्याला काम आहे त्याने, ज्याला नाही त्याच्या कामाचा खर्च उचलायचा. दासोहाचे इतके सरळ सरकारी रूप मला दुसरे दिसत नाही. उद्योगांना सवलती देतानाही हीच कसोटी लागली पाहिजे. गुंतवणूक किती कोटींची हे विचारण्याआधी कायम हजेरीवर किती माणसे घेणार हे विचारावे, आणि कंत्राटी नावे त्यात धरू नयेत.