खंजेरी, छायाचित्र आणि पुंडलिकाची वीट

श्रीविठ्ठलचरणी आणि संतचरणी मस्तक ठेवून या मासी एका आजकालच्या प्रश्नाचा विचार करू.

सज्जनहो, गडचिरोली जिल्ह्यात कुरखेड्याच्या बाजूस कीर्तनासाठी आमचे जाणे होते. तिकडे खंजेरीचे भजन घरोघरी. तेथील भाविक विचारतात, "महाराज, एखादा भजनी खंजेरी वाजवून लोकांच्या अडीअडचणीसाठी धान्य-पैसा गोळा करतो. त्याचा फोटो काढावा की नाही?" कोणी म्हणतो, गुप्तदान श्रेष्ठ, फोटो कशाला? दुसरा म्हणतो, फोटो पाहिल्याशिवाय आज कोण खिशात हात घालतो? दोघांचेही म्हणणे फेटाळण्यासारखे नाही. म्हणून निवाडा नीट करावा लागतो.

प्रथम खंजेरीचाच विचार करू. लहानसे वाद्य, कडे, कातडे आणि चार झांजा. पण राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या हाती ते आले आणि त्याने गावेच्या गावे जागी केली. महाराजांचा जन्म १९०९ साली अमरावती जिल्ह्यातील यावलीचा. चिमूरजवळच्या रामदिघी-गोंदोड्याच्या अरण्यात त्यांनी तप केले, म्हणून या झाडीच्या मुलखाला ते आपल्या घरचे वाटतात. १९४२ साली त्यांना नागपूर आणि रायपूरच्या तुरुंगात राहावे लागले. बंगालचा दुष्काळ, १९६२ चे चीनचे आक्रमण, १९६७ चा कोयनेचा भूकंप, अशा प्रत्येक संकटात ते मदतीला उभे राहिले. ११ ऑक्टोबर १९६८ रोजी देह ठेवला. त्यांची ती खंजेरी घेतलेली तसबीर आज विदर्भातील किती भिंतींवर आहे याची गणती नाही. टपाल खात्याने १९९५ साली त्यांचे तिकीटही काढले.

आता सांगा, ही छायाचित्रे कोणी काढलीच नसती तर? ज्यांनी महाराजांना पाहिले नाही त्या नातवंडांना ती खंजेरी कोण दाखवता? तेव्हा छायाचित्र हे पाप, असे आम्ही म्हणणार नाही. आपण तर सगुणाचे उपासक. पंढरीचे रूप डोळ्यांत साठवावे म्हणून पायी चालणारे आपण, प्रतिमेला तुच्छ कसे म्हणू?

पण एक गोष्ट ध्यानी घ्या. छायाचित्रात बोट दिसते, थाप ऐकू येत नाही. तसबिरीला हार घालणारा पुष्कळ. त्या थापेमागून सेवेला जाणारा थोडा. गाडगेबाबांनी हे फार आधी ओळखले होते. पंढरपूर, आळंदी, नाशिक येथे त्यांनी धर्मशाळा बांधविल्या. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा १९४९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या स्वाधीन केली. आणि स्वतः? कोणी पायां पडू लागला तर ते आवडत नसे. हाती खराटा, डोईवर गाडग्याचे खापर. त्यांचे चित्र पाहावे आणि अंगण झाडावयास उठावे, हेच त्या चित्राचे पूजन.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पावसाळ्यात सती नदीला पूर आला की काठच्या घरांचे हाल होतात. अशाच एका वर्षी कुरखेड्याकडच्या एका गावी एका वृद्ध खंजेरीवाल्याने पाच गावे भजन करून तांदूळ जमविला. एका पोराने मोबाईलवर त्याचा फोटो काढून नागपूर-पुण्यास नोकरीला असलेल्या गावकऱ्यांना धाडला. त्यांनी पैसे पाठविले. येथवर फोटोने सेवाच केली.

वाटपाच्या दिवशी मात्र निराळे घडले. पायली घेणाऱ्या प्रत्येकाला मंडळी म्हणू लागली, "इकडे पाहा, फोटो काढायचा आहे." रांगेतल्या एका म्हाताऱ्या माउलीने पदर ओढून घेतला आणि रिकामी पिशवी घेऊन ती परत फिरली. खंजेरीवाल्याने ते पाहिले. तो पोराला एवढेच म्हणाला, "बाबू, फोटो माजा काढ ना पायजे तेवढा, पन त्या मायचा चेहरा नोको." अंधार पडल्यावर तिचा वाटा स्वतः डोईवर घेऊन तो तिच्या दारी ठेवून आला. त्याचा फोटो कोणाजवळ नाही.

श्रोतेहो, गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार आहेत. योग्य देशी, योग्य काळी, परतफेड न करू शकणाऱ्या पात्राला कर्तव्य म्हणून दिले ते सात्त्विक. फळावर डोळा ठेवून दिले ते राजस. आणि अनादराने, अवहेलना करून दिले ते तामस. पाहा, तांदूळ तोच, पायली तीच. पण घेणाऱ्याचा चेहरा चव्हाट्यावर मांडला की सात्त्विक दान त्याच क्षणी तामस होते. भुकेपेक्षा लाज मोठी असणारी माणसे आपल्या गावोगावी आहेत. ती रांगेतून परत फिरली तर ते पाप कोणाचे?

पुंडलिकाचे स्मरण करा. साक्षात परब्रह्म दारी आले, तरी त्याने आईबापांचे पाय सोडले नाहीत. देवाकडे वीट सारली आणि थांबावयास सांगितले. ज्या सेवेने देवाला थांबविले, ती सेवा आपण कॅमेऱ्यासाठी थांबवावी काय? कॅमेऱ्यालाही वीट द्या. म्हणावे, "बाबा, जरा उभा राहा; हातचे काम आधी होऊ दे."

तेव्हा आमचे सांगणे इतकेच. भजन करणाऱ्याचे छायाचित्र त्याला विचारून खुशाल काढा. ते दहा जणांना हाक मारील. त्याच्यासोबत किती जमले, कोठे खर्चिले, हा हिशेबही सांगा. हिशेबावाचून चित्र म्हणजे झांजेवाचून खंजेरी. घेणाऱ्याचे चित्र मात्र काढू नका. आणि भजनी बंधूंनो, चित्र काढताना हात खंजेरीवर असू द्या, डोळे विठोबाकडे. चित्र कोणी पाहील, न पाहील. कटीवर कर ठेवून उभा असलेला तो सारे पाहतोच आहे.

रामकृष्णहरी!