उशीर चालेल, सांगा तरी

सकाळी साडेसहाच्या विमानाचा हिशेब उलटा मांडावा लागतो. सहा वाजून पाच मिनिटांनी गेट बंद. त्याआधी सुरक्षा तपासणीची रांग. बॅग सोपवायची असेल तर तो काउंटर साडेपाचलाच मिटतो. म्हणजे डोंबिवलीहून निघणाऱ्यानं टॅक्सी पावणेचारला बोलवायची आणि गजर तीनचा लावायचा. तरीही कामासाठी सतत उडणारी माणसं आवर्जून हेच विमान घेतात. कारण ते बहुतेक वेळा रात्री इथंच मुक्कामाला असतं. त्याला कुठून यायचं नसतं. दुपारनंतरच्या विमानांचं तसं नाही. एकच विमान दिवसभरात पाच-सहा खेपा करतं. पहाटे ते दिल्लीच्या धुक्यात अडकलं की तोच उशीर नागपूर, पुणे, कोचीपर्यंत खेपेखेपेनं पुढं सरकतो. जानेवारीत पुण्यात लख्ख ऊन पडलेलं असताना फलकावर ‘हवामानामुळे विलंब’ झळकतं, तेव्हा नवखा प्रवासी काचेतून आभाळ बघतो. मुरलेला प्रवासी मोबाइल काढतो आणि आपलं विमान या घडीला कुठल्या गावात आहे ते बघतो.

या मुरलेल्या माणसाच्या बऱ्याच तक्रारी सवयीनं बोथट झालेल्या असतात. तपासणीच्या पट्ट्यापाशी त्याचे हात आपोआप चालतात. लॅपटॉप बाहेर, चार्जर बाहेर, पट्टा, पाकीट, किल्ल्या ट्रेमध्ये. मग त्या छोट्या पाटावर उभं राहून हात पसरायचे, वळायचं, पुन्हा हात पसरायचे. तरी एखाद्या दिवशी त्याची बॅग सरळ न येता पलीकडच्या पट्ट्यावर वळते आणि जवान विचारतो, “ही कुणाची?” आत काय, तर चिपळूणच्या काकूंनी जाता जाता कोंबलेल्या दोन सुक्या खोबऱ्याच्या वाट्या. खोबऱ्यात तेल असतं, ते पेट घेऊ शकतं, म्हणून विमानात न्यायला हरकत घेतात. काकूंना हे कोण सांगणार? आणि सांगून त्या ऐकणार आहेत थोड्याच!

काही त्रास संपलेही आहेत. पूर्वी हातातल्या प्रत्येक बॅगेला दोरीचं लेबल बांधायचं आणि त्यावर शिक्का मारून घ्यायचा, अशी पद्धत होती. शिक्का राहिला तर गेटवरून परत पाठवत. एप्रिल २०१७ पासून मुंबई-दिल्लीसारख्या मोठ्या विमानतळांवर ती बंद होत गेली. त्या दोरीची आज कुणाला आठवणही येत नाही. सुटका झाल्याचं आपण फार काळ ध्यानात ठेवत नाही, हे त्या नियम बदलणाऱ्यांचं दुर्दैव.

विमानात चढतानाची कोंडी मात्र आहे तशीच आहे. जेसन स्टेफन नावाच्या अमेरिकन खगोलभौतिकशास्त्रज्ञानं याचं गणित मांडून २००८ साली शोधनिबंध लिहिला. त्याचं म्हणणं असं की, खरा वेळ चालण्यात जात नाही, बॅग वर चढवण्यात जातो. म्हणून मागच्या रांगांपासून ओळीनं माणसं सोडली तरी फायदा होत नाही. सगळे एकाच ठिकाणी अडखळतात. खिडकीवाले आधी, तेही एक रांग सोडून एक, असे सोडले तर प्रत्येकाला हात वर करायला जागा मिळते. पुढं नकली केबिन उभारून, खरी माणसं आणि खऱ्या बॅगा घेऊन हे तपासलं गेलं आणि त्याची पद्धत खरंच जलद ठरली. पण या पद्धतीत नवरा, बायको आणि मूल वेगवेगळ्या वेळी चढणार. आपल्याकडे तर झोन एक पुकारला की झोन चारही उठतो, त्यामुळे स्टेफनसाहेबांचं गणित कागदावरच बरं.

चहाबद्दल कुरकुर करणाऱ्यांनाही एक सांगायला हवं. आठ-दहा किलोमीटर उंचीवरून उडताना केबिनमधला दाब जमिनीवरच्या इतका ठेवत नाहीत. तो साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असेल तितका असतो. कळसूबाईचा माथा ५,४०० फुटांवर आहे. म्हणजे आपण आपल्या खुर्चीत कळसूबाईच्याही वर बसून चहा मागत असतो. आठ हजार फुटांवर पाणी सुमारे ९२ अंशांना उकळतं. हवा कोरडी असल्यानं नाकाजिभेची चवही मंदावते. बेचव चहाचा दोष सगळा तो आणून देणाऱ्या बिचाऱ्या मुलीच्या पदरात घालू नये.

हे सगळं माणूस निभावून नेतो. चिडचिड होते ती वेगळ्याच गोष्टीची. विमान ठरलेल्या वेळेनंतर पंधरा मिनिटांच्या आत सुटलं की ते वेळेवर सुटलं असं धरतात. जगभर हाच रिवाज आहे. प्रवासी मात्र दोन मिनिटं उशिरा आला तरी गेट बंद. यामागची कारणं खरी आहेत. दार मिटल्यावर वजनाचा हिशेब पक्का होतो, धावपट्टीची वेळ ठरलेली असते, एकासाठी पावणेदोनशे माणसं ताटकळत ठेवता येत नाहीत. सगळं मान्य. तरी धावत आलेला माणूस काचेपलीकडे उभं असलेलं विमान बघतो, ते पुढं वीस मिनिटं जागचं हलतही नाही, आणि कुणी त्याला या कारणांतलं एकही सांगत नाही. खटकतं ते इथं.

डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापन अभ्यासकानं १९८५ साली रांगेत थांबण्याच्या मानसशास्त्रावर एक लेख लिहिला होता. किती वेळ लागणार हे ठाऊक नसलं की थांबणं लांबतं, कारण न सांगितलं की लांबतं आणि अन्याय वाटला की आणखी लांबतं, असं त्याचं निरीक्षण. मुंबईवर घिरट्या घालणाऱ्या विमानात याचा पडताळा रोज येतो. मुंबईत धावपट्ट्या दोन, पण त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरतात. गर्दीच्या वेळी वर थांबणं आलंच. एखादा कप्तान गप्प राहतो. खिडकीतून तीच खाडी पुन्हा दिसली की केबिनमध्ये कुजबुज सुरू होते, कुणीतरी हवाईसुंदरीला बोलावण्याचं बटण दाबतं. दुसरा कप्तान म्हणतो, “आपल्यापुढे सहा विमानं आहेत, साधारण वीस मिनिटं लागतील, इंधन पुरेसं आहे.” माणसं पुन्हा पेपर उघडतात. वीस मिनिटं दोन्हीकडे तेवढीच.

जानेवारी २०२४ मध्ये गोव्याहून दिल्लीला निघालेलं, आधीच कित्येक तास रखडलेलं एक विमान धुक्यामुळे मुंबईला उतरवावं लागलं. वैतागलेले प्रवासी खाली उतरले आणि विमानाशेजारीच फरसबंदीवर बसून जेवले. तो व्हिडिओ देशभर फिरला. कंपनीला आणि विमानतळालाही दंड झाला. त्याच सुमारास नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं कंपन्यांसाठी कार्यपद्धती काढली. तिच्यात धुकं हटवण्याचा उपाय अर्थातच नव्हता. उशिराची खरी आणि ताजी माहिती प्रवाशाला संदेशानं, मेलनं, विमानतळावर सतत देत राहा, कर्मचाऱ्यांना नीट बोलायला शिकवा, हा तिचा गाभा होता. सरकारी परिपत्रकानं एवढं नेमकं निदान क्वचितच केलं असेल. तरीही डिसेंबर २०२५ मध्ये वैमानिकांच्या विश्रांतीच्या नव्या नियमांसाठी पुरेशी तयारी नसल्यानं देशातल्या सर्वांत मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणं रद्द झाली, तेव्हा अनेकांना ते विमानतळावर पोचल्यावरच कळलं.

आता गेट क्रमांक बारापाशी ‘काही सांगतच नाहीत हो’ म्हणत येरझाऱ्या घालणाऱ्या त्या खरेदी विभागाच्या साहेबांकडे बघा. त्यांच्या फोनवर भोसरीच्या एका वर्कशॉपवाल्याचा फोन येऊन गेलेला आहे. काल दोनदा आला होता. त्यानं सुटे भाग बनवून दिले, माल पास झाला, बिल लावलं. लघुउद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्यानं लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत पैसे चुकते करायला हवेत. त्यापुढं रिझर्व्ह बँकेच्या बँकदराच्या तिप्पट दरानं, दर महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. हा वर्कशॉपवाला ते व्याज मागायचा नाही, कारण त्याला पुढची ऑर्डर हवी आहे. तो फक्त विचारतो, कधी होईल? उत्तर ठरलेलं: बिल प्रोसेसमध्ये आहे. गेटवरची मुलगीही साहेबांना हेच सांगते आहे, तिच्याकडे ‘ऑपरेशनल कारण’ आहे इतकंच. साहेबांचं दिल्लीचं विमान दोन तासांहून अधिक रखडलं तर नियमानं त्यांना खायला-प्यायला मिळेल. भोसरीत तेही नाही.

साहेब मुद्दाम अडवतात असं नाही. त्यांच्याही वर कुणीतरी आहे, सहीची साखळी लांब आहे, ग्राहकाकडून पैसे यायचे आहेत. विमान कंपनीकडेही अशीच कारणं आहेत आणि ती बरीचशी खरी आहेत. पण गेटवरच्या रिकाम्या तासात एक फोन करता येतो. सही कुणाची राहिली आहे, तो माणूस कुठल्या वारी परत येणार आहे, पैसे या महिन्यात की पुढच्या, एवढं सांगायला दोन मिनिटं पुरतात. पैसे त्यानं लवकर येणार नाहीत. शनिवारच्या पगारासाठी कुणाकडून उसने घ्यायचे, की कामगारांना सोमवारपर्यंत थांबा म्हणायचं, हे मात्र त्या वर्कशॉपवाल्याला आजच ठरवता येईल.