बाविसाव्या वचनाआधी

 इंद्रायणीकाठच्या देहूत सतराव्या शतकात संत बहिणाबाई नवऱ्याबरोबर राहायला आल्या. पोरवयात तिशीतल्या बिजवराशी लग्न झालेले. स्वप्नात तुकोबांना गुरू मानले, भक्तीपायी नवऱ्याचा मार खाल्ला, आणि ते त्यांनी अभंगांतून सांगितले. त्यांच्याच गाथ्यात पतिव्रताधर्माचेही अभंग आहेत. कीर्तनकाराने पतिव्रतेचे अभंग लावून धरले आणि माराचे गाळले, तर शब्द बहिणाबाईंचेच राहतात, पण बाई हरवते.

ख्रिस्ती पाळकापुढे नेमका हाच पेच असतो. इफिसकरांस पत्राच्या पाचव्या अध्यायातले बाविसावे वचन पत्नीला पतीच्या अधीन राहायला सांगते. लग्नाच्या उपासनेत वाचन तिथून सुरू झाले की समोरच्या बाईला आज्ञा ऐकू येते आणि शेजारच्या पुरुषाला हक्क. त्याच्या अगोदरचे एकविसावे वचन मात्र सगळ्यांनीच एकमेकांच्या अधीन व्हावे, असे म्हणते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1988 साली स्त्रियांच्या प्रतिष्ठेवर लिहिताना याच वचनावर बोट ठेवले आणि अधीनता दोघांचीही असल्याचे स्पष्ट केले. वाचन कुठून सुरू करायचे, इथेच अर्धा उपदेश ठरून जातो.

आणि कुठे थांबायचे, इथे उरलेला. सहाव्या अध्यायात मुलांनंतर दास येतात. त्यांनी धन्याची आज्ञा पाळावी, असे सांगितले आहे. नवरा-बायको, बाप-मुले, धनी-दास या तीन जोड्या ॲरिस्टॉटलच्या राज्यशास्त्रावरील ग्रंथातही आहेत. त्या काळच्या घराची घडीच तशी होती. अमेरिकेतल्या गुलामांच्या मालकांनी दासांविषयीची वचने आपल्या बाजूने वापरली. आज कुठलाही शहाणा पाळक त्यांवरून गुलामी सिद्ध करायला जाणार नाही. मग एका दमात लिहिलेल्या तीन जोड्यांपैकी एक काळाच्या हवाली करायची आणि दुसरी मात्र सनातन म्हणायची, ती कशाच्या बळावर? मला पटेल असे उत्तर अजून कुणी दिलेले नाही.

मराठी ख्रिस्ती घरांत हा प्रश्न पोथीपुरता कधीच नव्हता. ना. वा. टिळकांनी 1895 साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यामागून गेल्या नाहीत. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, मग नगरकडे एकत्र आल्यावरही सोवळे सांभाळून स्वयंपाक आणि पाणी निराळे ठेवले. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे त्यांचे त्यांना पटले तेव्हाच त्या पुढे सरल्या, आणि 1900 साली राहुरीला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांचे आत्मचरित्र ‘स्मृतिचित्रे’ वाचताना टिळकांचा संताप लपत नाही आणि प्रेमही लपत नाही. नवऱ्याच्या शब्दाखातर त्यांनी श्रद्धा बदलली असती, तर मंडळीला एक आज्ञाधारक बाई मिळाली असती. लक्ष्मीबाई मिळाल्या नसत्या.

पंडिता रमाबाईंचा 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला बाप्तिस्मा झाला, पण पुरोहितांचे एक जोखड उतरवून दुसरे घ्यायला त्या तयार नव्हत्या, आणि ते त्यांनी तिथल्या मठातल्या भगिनींना कळवलेही. पुढे केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी मूळ भाषा शिकून अख्खे बायबल मराठीत आणले. खिळे जुळवणे, छपाई, सगळे तिथल्या स्त्रियांनी केले. त्यांत विधवा होत्या, दुष्काळात वाचलेल्या मुली होत्या. 1922 मध्ये रमाबाई गेल्या, ग्रंथ 1924 मध्ये निघाला. अधीनतेचे हे वचनही त्या बायकांच्या हातांखालून गेले. कुणाचाही मार ‘देवाची इच्छा’ म्हणून सोसावा, असे त्या आश्रमात कोण कुणाला सांगणार होते?

कायद्याने मात्र खूप काळ दुजाभाव केला. 1869 च्या घटस्फोट कायद्यानुसार ख्रिस्ती नवऱ्याला बायकोचा व्यभिचार दाखवला की पुरे. बायकोला व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा नवऱ्याने टाकल्याचाही पुरावा द्यावा लागे. 1997 साली मुंबई उच्च न्यायालयाने ही अट अवैध ठरवली आणि 2001 मध्ये संसदेने कायदा सुधारला. तोवर कित्येक बायकांना पाळकाच्या शब्दाखेरीज आधार नव्हता, आणि तो शब्द बहुधा ‘सोसून घे’ असाच असे.

म्हणून अधीनतेचे हे वचन टाळू नये, असे मला कळकळीने वाटते. पाळकाने गाळले तरी घरात ते ऐकवणारे असतातच, तेही अर्धे. उपदेशात स्पष्ट सांगावे की मारहाण सोसणे ही अधीनता नव्हे, घर सोडून जीव वाचवणारी बाई वचन मोडत नाही, आणि तिला राहायला जागा मंडळीने द्यायची आहे. पेत्राच्या पहिल्या पत्रातही बायकांना आधी अधीनता सांगितली आहे. पण तिसऱ्या अध्यायातले सातवे वचन नवऱ्यांसाठी आहे. बायकोचा मान राखा, नाहीतर तुमच्या प्रार्थनांना अडथळा येईल, असा त्याचा आशय. जिथे पुरुष आणि बायका वेगवेगळ्या बाजूंना बसतात, तिथे हे वचन पुरुषांच्या बाजूला तोंड करून वाचावे, आणि सावकाश.