सुरतेच्या धुराचा जमाखर्च

सुरतेच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांच्या धुराड्यांतून बाहेर पडणाऱ्या कणांना किलोमागे किंमत लावण्याचा जो प्रयोग गुजरात प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१९ साली आरंभिला, तो आपल्या देशाच्या प्रशासकीय इतिहासात मानाने नोंदवला जावा, इतक्या योग्यतेचा आहे. तोवरचा दंडक धुराड्यातील धुराची दाटी तेवढी पाहत असे. एका घनमीटर वायूत १५० मिलिग्रॅमहून अधिक कण नसले की कारखाना निर्दोष, मग दिवसाकाठी तो एकूण किती राख आकाशात सोडतो याची विचारपूस नव्हती. नव्या योजनेत ३१७ कारखाने घेण्यात आले; त्यांपैकी कोणी बाजारात उतरावे आणि कोणी जुन्या दंडकाखाली राहावे हे यदृच्छेने ठरवण्यात आले; धुराड्यांवर अखंड मापन करणारी यंत्रे बसली; आणि एकूण उत्सर्जनाला मर्यादा घालून तेवढ्याचेच परवाने कारखान्यांच्या हाती देण्यात आले, ज्यांचा भाव किलोमागे ५ रुपयांच्या खाली वा १०० रुपयांच्या वर जाऊ नये अशी तजवीज होती. मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे, निकोलस रायन आणि अनंत सुदर्शन या अर्थशास्त्रज्ञांनी या योजनेचे फलित तपासले, तेव्हा बाजारात उतरलेल्या कारखान्यांचे उत्सर्जन २० ते ३० टक्क्यांनी घटलेले आढळले. धूलिकणांचा असा बाजार जगात प्रथमच भरला, आणि तो यशस्वी झाला.

या यशाविषयी पूर्ण आदर बाळगूनच एक प्रश्न विचारणे प्राप्त आहे. धुराड्याच्या तोंडाशी मोजलेला किलो आणि माणसाच्या फुप्फुसात उतरणारा अंश या दोहोंमध्ये जे घडते, त्याची नोंद कोणत्या वहीत होते? माझे म्हणणे असे, की प्रदूषणाचा खरा हिशेब श्वासाशी पुरा होतो, आणि धुराड्यापाशी मिटलेली वही, ती कितीही प्रामाणिकपणे लिहिलेली असो, अर्धीच राहते.

प्रथम रूपांतराचा विचार करू. पांडेसरा, सचिन आणि पलसाणा येथील बॉयलर व थर्मोपॅक या भट्ट्यांत दगडी कोळसा आणि लिग्नाइट जळतो, तेव्हा राखेच्या कणांबरोबरच इंधनातील गंधक सल्फर डायऑक्साइड होऊन बाहेर पडते आणि जळणाच्या उष्णतेने नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. सायक्लोन आणि बॅग फिल्टर राख अडवतात. हे वायू मात्र त्यांतून निर्वेध निघून जातात. पुढे सूर्यप्रकाशात, आणि धुक्याच्या वा मेघांच्या जलबिंदूंत, त्यांची आम्ले होतात. ती आम्ले शेतांतून, गोठ्यांतून आणि गटारांतून उठणाऱ्या अमोनियाशी संयोग पावतात, आणि अमोनियम सल्फेट व नायट्रेट यांचे कण जन्मास येतात. एका मायक्रोमीटरहूनही बहुधा लहान असलेले हे कण दिवसेंदिवस हवेत तरंगतात, शेकडो किलोमीटर प्रवास करतात, आणि नाक-घशाचे पहारे चुकवून फुप्फुसाच्या वायुकोशांपर्यंत पोचतात. अर्थात, जो वायू धूलिकणांच्या बाजारात एका पैशालाही मोजला गेला नाही, तोच काही तासांनी वा दिवसांनी धूलिकण होऊन कुठल्यातरी दूरच्या गावात श्वासावाटे आत जातो.

आपल्या नियमांनी या वायूवर जो पहिला उपाय योजला, तो उंचीचा होता. दर ताशी किती सल्फर डायऑक्साइड सुटतो, यावरून धुराड्याची किमान उंची काढण्याचे सूत्र आपल्याकडे वापरात आहे. वायू जितका अधिक, तितके धुराडे उंच. याने पायथ्याच्या वस्तीला दिलासा मिळतो, हे खरे. परंतु एक ग्रॅमही कमी होत नाही, केवळ त्याचा पत्ता बदलतो आणि वाटेत रूपांतराला अधिक अवधी मिळतो.

शिवाय हवेचे आकारमान प्रतिक्षणी एकच नसते. मे महिन्याच्या दुपारी तापलेल्या जमिनीवरून उठणारे प्रवाह धुराला फार उंचवर मिसळून टाकतात. हिवाळ्याच्या रात्री जमीन निवते, तिच्यालगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते, आणि त्या उष्ण थराच्या झाकणाखाली धूर कोंडून राहतो. समान उत्सर्जनाचा परिणाम अशा रात्री कितीतरी पटींनी जड होतो. बॉयलर रात्रीही पेटलेले असतात आणि परवान्याच्या हिशेबात मध्यरात्रीचा किलो व मध्यान्हीचा किलो एकाच मोलाचे ठरतात.

या तफावतीचा भार कोणावर पडतो, हे महाराष्ट्राने जाणून घेतले पाहिजे, कारण तो भार वाहणाऱ्यांत आपलीच माणसे पुष्कळ आहेत. जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून भुसावळ-सुरत लोहमार्गाने आलेल्या कुटुंबांनी उधना, लिंबायत, डिंडोली या वस्त्या वसवल्या. तेथील गल्ल्यांतून आजही अहिराणी कानी पडते. नैर्ऋत्येचे वारे वाहू लागले की पांडेसऱ्याचा धूर याच वस्त्यांकडे वळतो. ज्याची पाळी मिलमध्ये, ज्याची खोली मिलच्या छायेत, आणि ज्याच्या घरी अजूनही कधीकधी चूल पेटते, त्याच्या चोवीस तासांच्या श्वासांची बेरीज शहराच्या सरासरीत कोठेही दिसत नाही. संशोधक कर्क स्मिथ यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यवसाय-आरोग्य संस्थेतील शास्त्रज्ञांच्या साहाय्याने गुजरातच्या खेड्यांत स्वयंपाक करणाऱ्या स्त्रियांच्या श्वासाजवळील धूर मोजला, आणि ते निष्कर्ष १९८३ साली प्रसिद्ध झाले. पुढे त्यांनीच दाखवून दिले की घरात सुटलेला प्रदूषक बाहेर सुटलेल्या प्रदूषकापेक्षा सुमारे हजारपट अधिक प्रमाणात माणसाच्या फुप्फुसात पोचतो. किती सुटले यापेक्षा कोठे, केव्हा आणि कोणाजवळ सुटले, हा प्रश्न थोर आहे, ही शिकवण जगाने गुजरातच्याच चुलीपाशी घेतली.

यावर कोणी म्हणेल की इतका सूक्ष्म हिशेब अंमलबजावणीला जड जाईल, आणि अतिरेक केल्यास मिल बंद पडून त्याच मजुरांची भाकरी जाईल. भाकरीची चिंता रास्त आहे. म्हणूनच बंदीच्या हुकुमापेक्षा किमतीचा मार्ग मला श्रेयस्कर वाटतो. परंतु अव्यवहार्यतेची सबब टिकणारी नाही. सल्फर डायऑक्साइडच्या परवान्यांचा बाजार अमेरिकेने १९९५ पासून चालवून दाखवला. लॉस एंजेलिसच्या परिसरात १९९४ साली जो बाजार सुरू झाला, त्यात किनाऱ्यालगतचा आणि आतला असे दोन विभाग पाडून, वाऱ्याच्या मुखाशी असलेल्या कारखान्याने आतल्या भागातील परवाना विकत घेऊन आपला धूर वाढवू नये, अशी आडकाठी घालण्यात आली. सुरतेपाशी तर अखंड मापनाची यंत्रे आणि व्यवहाराची सवय दोन्ही आहेत. त्या वहीत गंधकाच्या वायूचे खाते उघडावे. दाट वस्तीच्या वाऱ्याकडील बाजूच्या किलोला आणि हिवाळ्याच्या रात्रीच्या किलोला अधिक मोल लावावे. आणि मापनयंत्रे धुराड्यांबरोबरच लिंबायत-डिंडोलीच्या गल्ल्यांतही बसवून त्यांची नोंद रहिवाशांना त्यांच्या भाषेत वाचावयास द्यावी.

आपल्या देशाने सूक्ष्म कणांची वार्षिक मर्यादा घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅम ठरवली आहे. जागतिक आरोग्य संघटनेने आपली मर्यादा २०२१ साली ५ वर आणली. हे अंतर कापण्यास राखेचे किलो पुरे पडणार नाहीत, कारण उरलेल्या कणांचा मोठा हिस्सा धुराड्यातून कणरूपाने बाहेर पडतच नाही. सुरतेने जगाला धुराचे मोल करून दाखवले. ते मोल श्वास घेणाऱ्याच्या नावे जमा करण्याचे कामही तिनेच प्रथम हाती घ्यावे, आणि महाराष्ट्राने आपल्या औद्योगिक वसाहतींसाठी तो धडा सुरतेचे काम पूर्ण होण्याची वाट न पाहता गिरवू लागावा.